उजाड गावांचे वाङ्मय

एखादे गाव एका उद्योगावर उभे राहते आणि तो उद्योग बसला म्हणजे तेही बसते, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या ग्रंथात दोन ओळींत संपते. परंतु त्या दोन ओळींखाली जी हजारो घरे गाडली जातात, त्यांची दाद कोणी घ्यावयाची? आमच्या मते ते काम वाङ्मयाचे आहे. ते कोणत्या रीतीने झाले असता खरे झाले म्हणावे, याचा विचार येथे करण्याचे योजिले आहे. आम्हां बोरीवलीकरांस या विषयाची निकड विशेष आहे. लालबाग-परळ सोडून बोरीवली-दहिसरकडे बिऱ्हाड हलविलेली कितीतरी कुटुंबे आमच्या शेजारी नांदत आहेत, आणि त्यांपैकी काही घरांत गिरणीचा विषय निघाला की बोलणे एकाएकी थांबते, हा आमचा अनुभव आहे.

प्रथम परदेशातील एक उदाहरण घेऊ. १९१३ साली दक्षिण वेल्समधील खाणींतून सुमारे ५ कोटी ७० लक्ष टन कोळसा निघाला. पहिले महायुद्ध चालू होते तोवर आरमारास आणि कारखान्यांस कोळसा हवाच होता. युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत चक्र फिरले. आगबोटी तेलावर चालू लागल्या. पराभूत जर्मनीने भरपाईदाखल दिलेला कोळसा युरोपच्या बाजारात उतरला. १९२५ साली पौंडाची सोन्याशी जुन्याच दराने सांगड घातल्यामुळे ब्रिटिश माल परदेशांत महागला. मालकांनी मजुरी उतरविली. १९२६ साली खाणकामगार सुमारे सात महिने कामाबाहेर राहिले आणि अखेरीस हरले. मग तरुण माणसे दऱ्या सोडून चालती झाली.

या प्रदेशावर १९३९ साली दोन कादंबऱ्या निघाल्या. रिचर्ड लेवेलिन यांची ‘हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली’ जगभर गाजली. तीतील काळ महायुद्धापूर्वीचा आहे. घर सोडून जाणारा ह्यू मॉर्गन आपले बालपण आठवतो, आणि खाणीतून निघालेल्या मातीचा ढीग त्याच्या घरावर चालून येत असतो. वर्णन मोठे हृद्य आहे. परंतु लेखकाचा जन्म लंडनच्या हेंडन या उपनगरात झालेला. आणि १९४१ सालच्या चित्रपटासाठी ती दरी तर कॅलिफोर्नियातच उभारावी लागली. दुरून पाहणाऱ्यास गाव गोड दिसते, त्यातला हा प्रकार होय. संप, मालकांची हाव, यांचा उल्लेख कादंबरीत नाही असे नाही; पण आठवणीच्या मधुर सुरात तो विरून जातो, आणि ढीग हा दैवाचा कोप वाटू लागतो. पुढे २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधील अ‍ॅबरफॅन या गावी असाच एक ढीग शाळेवर कोसळला. १४४ माणसे मेली. त्यांत ११६ मुले होती. चौकशीअंती दोष सरकारी कोळसा मंडळाकडे आला. ढिगाला धनी होता, दैव नव्हे!

दुसरी कादंबरी ल्युइस जोन्स यांची ‘वुई लिव्ह’. ‘कुमार्डी’ या १९३७ सालच्या कादंबरीचा तो उत्तरार्ध. लेखक बाराव्या वर्षी खाणीत उतरलेला. सभेतील भाषणे पात्रांना बोलू देत नाहीत, हा त्यांच्या लेखनाचा दोष उघड आहे, आणि कलागुणांत लेवेलिन त्यांच्याहून सरस आहेत हेही आम्ही मान्य करतो. तथापि मजुरी किती होती, किती कापली, कोणी कापली, हा हिशेब तेथे वाचकाच्या हाती येतो.

आता आपल्या गिरणगावाकडे वळू. मुंबईच्या पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ सालची. दुसऱ्या महायुद्धात कापडाच्या मागणीने गिरण्यांची भरभराट झाली. ऱ्हास येथे सावकाश आला: यंत्रे जुनी झाली, ती बदलली नाहीत; भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांनी स्वस्त कापड काढले; आणि कापडापेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची ठरली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करून त्यांपैकी दोन मोकळ्या जागेस व सार्वजनिक घरांस द्यावयाचे होते. २००१ साली ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य मानली.

वेल्समधील उजाड गावात निदान ढीग तरी दिसत होता. बोरीवलीहून चर्चगेटकडे जाताना लोअर परळ येथे गाडीच्या खिडकीतून पाहावे, तर काचेचे मनोरे आणि शोभेसाठी राखलेले एखादे धुराडे. येथे ऱ्हासावर वैभव बांधले गेले आहे. म्हणून आमच्या लेखकाचे काम अधिक कठीण आहे. त्याला भग्नावशेषही स्वतःच उभे करावे लागतात.

मामा वरेरकर यांनी ‘धावता धोटा’ या कादंबरीत चालू गिरणीचे जग मराठीत आणले. बंद गिरणीचे जग जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या १९९७ सालच्या नाटकात आले. त्यात गिरणी दिसत नाही. चाळीतली एक खोली, एक आई, आणि दिशा हरवलेली मुले: एकास लेखक व्हावयाचे आहे, एक क्रिकेटात गुंतलेला, एक गुंडगिरीकडे ओढला गेलेला. पवार स्मृतिरंजन करीत नाहीत; चाळीच्या ‘एकोप्या’वर आपण जी साखर पेरतो तीही ते पेरीत नाहीत. मुलांचे आपसांतले हिंस्र बोलणे ऐकताना, बेकारी घरात कोणत्या वाटेने शिरते, हे कळते. आमचा आक्षेप एकच. सारे खोलीत घडत असल्याने जमिनीचा व्यवहार पडद्याआड राहतो, आणि सुखवस्तू प्रेक्षकास ‘मुलांनी नीट वागावयास हवे होते’ असे म्हणून घरी जाण्याची सोय राहते. ही सोय आम्हीही एकदा घेतली होती, हे कबूल केले पाहिजे.

पवारांची खोली आणि जोन्स यांचा हिशेब एकाच ग्रंथात नांदतील, अशी मराठी कादंबरी आम्हांस हवी आहे. तिची सामग्री आमच्याच शेजारच्या घरांत आहे: कपाटातल्या पगाराच्या चिठ्ठ्यांत, आणि संपाच्या वर्षी मोडलेल्या दागिन्यांच्या आठवणींत. १९८२ साली विशीत असलेली माणसे आज साठी ओलांडून गेली आहेत. त्यांच्याकडून ऐकून घेण्यास अवधी थोडा आहे.