फादर स्टीफन्सच्या परगण्याचे बखरकार

‘ख्रिस्तपुराणा’ची ओळख आपल्या वाचकांना नव्याने करून द्यावी लागत नाही. 1579 साली गोव्यात उतरलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाचे हे काव्य 1616 साली रायतूर येथे छापले गेले आणि आपल्या पूर्वजांच्या ओठांवर ते पिढ्यान्‌पिढ्या राहिले. परंतु हा मनुष्य कोणत्या मातीतून आला, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. परिचयलेखांत ‘इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात बुशटन गावी जन्म, सुमारे 1549’ अशी एक ओळ असते आणि लेखणी लगेच गोव्याकडे वळते. मीही प्रवचनांत आणि व्याख्यानांत अनेक वर्षे अशीच लेखणी वळवली. उशिरा का होईना, त्या एका ओळीचा मागोवा घ्यावा असे वाटले, आणि त्या निमित्ताने विल्टशरचा इतिहास लिहिणाऱ्या मंडळींचे लेखन वाचनात आले. प्रस्तुत लेख त्या वाचनाविषयी आहे.

बुशटन हे क्लिफ पायपार्ड नावाच्या धर्मग्रामातील एक खेडे. या धर्मग्रामाचा इतिहास ‘व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी’ या प्रचंड मालिकेतील विल्टशरच्या नवव्या खंडात आहे. तो खंड 1970 साली निघाला. इंग्लंडच्या प्रत्येक परगण्याचा गावनिहाय इतिहास लिहावयाचा, असा संकल्प 1899 साली सोडण्यात आला आणि राणीच्या नावे तो अर्पण झाला. (आपल्याकडे राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 साली काढला होता, हे सहज आठवले.) संकल्प काही वर्षांत सिद्धीस जाईल अशी चालकांची समजूत होती. सव्वाशे वर्षे उलटली, काम अजून चालूच आहे. विल्टशरमध्ये 1947 साली स्थानिक नगरपालिका व परगणा परिषद यांनी एकत्र येऊन खर्च उचलला, 1953 साली पहिला खंड बाहेर पडला आणि तेव्हापासून लाल बांधणीचे ते जाडजूड ग्रंथ एकामागून एक येत राहिले.

या ग्रंथांचा पहिला गुण म्हणजे सचोटी. आधार दिल्याशिवाय एकही विधान पुढे सरकत नाही. ऐकीव गोष्ट असेल तर ती ऐकीव म्हणून सांगितली जाते, आणि बहुतेक वेळा सांगितलीच जात नाही. आपल्या ग्रामकथांतील ‘असे म्हणतात की’ या शब्दप्रयोगावर वाढलेल्या वाचकाला ही शिस्त सुरुवातीला कोरडी वाटेल, पण दहा-वीस पानांनंतर तिच्याविषयी आदर वाटू लागतो.

माझा आक्षेप मांडणीवर आहे. प्रत्येक धर्मग्रामाचे प्रकरण ठरलेल्या साच्यात ओतलेले असते. आरंभी भूरचना, नंतर जमीनदारी, मग शेती व उद्योग, गावकारभार, चर्च, शाळा, दानधर्म. यांत जमीनदारीचा भाग सर्वांत बारीक विणलेला. अमुक साली अमुक सरदाराकडे असलेली जमीन मुलीच्या लग्नाने तमुक घराण्यात गेली, तेथून विकली गेली, अशी वंशावळ आठ-आठशे वर्षे चालते. ज्याच्या नावे जमीन, त्याचे नाव सहज सापडते. ज्याने ती नांगरली त्याचे नाव सापडावयाचे तर त्याने एखादा गुन्हा तरी केलेला असावा लागतो. स्टीफन्सच्या शोधात मी त्या पानांत शिरलो आणि कधी न पाहिलेल्या जमीनदारांची सोयरीक पाठ करून बाहेर आलो.

दुसरा आक्षेप एका शीर्षकावर आहे, आणि तो कॅथलिक वाचकाला विशेष जाणवेल. या साच्यात ‘चर्च’ म्हणजे अँग्लिकन धर्मग्राममंदिर. त्याच मंदिरात सोळाव्या शतकापर्यंत लॅटिन मिस्सा होत असे, तेही याच शीर्षकाखाली येते. पुढे राजसत्तेचा धर्म बदलला की कॅथलिकांना घराबाहेरच्या पाहुण्यासारखे स्वतंत्र आणि बहुधा आखूड उपप्रकरण मिळते. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की 1956 सालच्या तिसऱ्या खंडात परगण्यातील कॅथलिक जीवनावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि 1987 सालच्या तेराव्या खंडात वॉर्डरच्या परिसराचा इतिहास आहे. तेथे अरंडेल या कॅथलिक उमराव घराण्याच्या आश्रयाने खेडुतांचा मोठा समुदाय छळाच्या काळातही श्रद्धेला धरून राहिला. पण तेथेही पुन्हा उमरावच! त्या खेडुतांची नावे पाहावयाची तर सरकारच्या दंडाच्या याद्या उघडाव्या लागतात. 1559 च्या कायद्याने रविवारच्या अँग्लिकन उपासनेला गैरहजर राहणाऱ्यास बारा पेन्स दंड होता. 1581 पासून तो महिन्याला वीस पौंड झाला, आणि 1592 पासून अशा हट्टी लोकांच्या वेगळ्या नोंदवह्याच ठेवल्या जाऊ लागल्या. ज्यांनी छळले त्यांनीच आपल्या धर्मबांधवांची नावे जपून ठेवली. स्टीफन्सचा तरुणपणीचा मित्र टॉमस पौंड याने अशाच कायद्यांपायी आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगांत काढली. मित्र देशात राहिला असता तर त्याचेही नाव एखाद्या यादीत मिळाले असते, आणि आपल्याला पुराण मिळाले नसते.

आता या परगण्याच्या पहिल्या बखरकाराकडे वळू. तो पगारी नव्हता. 1659 साली डिव्हायझेस या गावी संसदेच्या निवडणुकीसाठी परगण्यातील काही गृहस्थ जमले होते. वॉरिकशरचा इतिहास छापून आला होता, तसा आपलाही असावा अशी कुणीतरी इच्छा व्यक्त केली. काम एकट्याच्या आवाक्याबाहेरचे म्हणून परगणा वाटून घेण्याचे ठरले. एकाने मधला भाग घेतला, जॉन ऑब्रे या तेहतिशीच्या आतबाहेरच्या तरुणाने उत्तर भाग पत्करला, इतरांनी साहाय्याचे आश्वासन दिले. समित्यांचा अनुभव असलेल्या वाचकास पुढचे सांगावयास नको. ऑब्रे तेवढा कामाला लागला. गावोगाव हिंडून त्याने थडग्यांवरचे लेख, खिडक्यांच्या रंगीत काचांवरची चिन्हे, म्हाताऱ्यांच्या आठवणी टिपल्या. हयातीत त्यातले काही छापले गेले नाही. एक वही कुणा नातलगाकडे गेली, ती गेलीच. उरलेले लेखन 1862 साली जॅक्सन नावाच्या एका ग्रामीण धर्मगुरूने टिपा देऊन प्रसिद्ध केले. प्रकाशनाचा भार 1853 साली स्थापन झालेल्या परगण्याच्या पुराणवस्तू मंडळाने उचलला.

ऑब्रे वाचताना मला लाल ग्रंथांचा विसर पडला. तो चुकतो, विषय सोडतो, ऐकीव गोष्टी आनंदाने लिहितो. तरी त्याच्या पानांतून माणसे बोलतात. मठ बंद पडल्यानंतर त्यांच्या हस्तलिखितांची काय दशा झाली, याचे त्याने केलेले वर्णन कुणाही कॅथलिक वाचकाच्या जिव्हारी लागेल. त्याच्या लहानपणी शाळकरी मुलांच्या पुस्तकांना चर्मपत्रांची वेष्टने असत. हातमोजे विकणारे माल त्यांतच गुंडाळत. यॅटन कीनेलचा एक धर्मगुरू तर उंची मद्याच्या पिंपाचे भोक बुजवण्यासाठी हस्तलिखिताचे पान वापरी, आणि याहून चांगले बूच नाही असे सांगे.

हा मजकूर वाचून मी पुस्तक खाली ठेवले. माझ्या पहिल्या नेमणुकीच्या धर्मग्रामात महागुरूंची भेट ठरली होती आणि पाद्रीनिवासाची साफसफाई निघाली. माळ्यावर एका पेटीत जुन्या हिशेबवह्या होत्या. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी जपाव्यात हे धर्मकायद्याच्या 535 व्या कलमात मी शिकलो होतो, आणि त्या वह्या मी हात न लावता ठेवल्या. हिशेबवह्या मात्र मला कागद वाटल्या. रद्दीवाल्याने त्या वजनावर नेल्या.

त्या वह्यांत काय असू शकले असते, हे मला विल्टशरच्या स्वयंसेवकांनी शिकवले. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्या परगण्यात एक वेगळीच मंडळी इतिहासात शिरली. निवृत्त शिक्षक, गृहिणी, शेतकरी. संध्याकाळच्या वर्गांत त्यांनी सोळाव्या शतकातील वळण वाचावयास शिकून घेतले. 1979 पासून एक गट जुनी घरे मोजून त्यांची नोंद करू लागला. दुसऱ्यांनी धर्मग्रामांच्या नोंदवह्या उतरवून काढल्या. सॉल्झबरी धर्मप्रांताच्या न्यायालयात 1858 पर्यंत मृत्युपत्रे सिद्ध होत असत आणि त्यांना मृताच्या चीजवस्तूंची यादी जोडलेली असे. किती मेंढ्या, किती धान्य, एक तुटका पलंग, पितळी भांडी दोन. जमीनदारीच्या वंशावळीत ज्यांना जागा नव्हती ती माणसे या याद्यांतून भांड्याकुंड्यांसह समोर येतात.

जिल चेंबर्स यांचे ‘विल्टशर मशीन ब्रेकर्स’ हे 1993 सालचे दोन खंड या प्रवाहातले मला सर्वांत मोलाचे वाटले. नोव्हेंबर 1830 मध्ये शेतमजुरांनी मळणीयंत्रे फोडली. आठवड्याला आठ शिलिंगांच्या आसपास मजुरी, आणि हिवाळ्यातले मळणीचे कामही यंत्राने काढून घेतलेले. टिसबरीजवळ पायथाउस येथे 25 नोव्हेंबरला घोडदळाशी चकमक झाली आणि एक मजूर ठार झाला. पुढच्या जानेवारीत सॉल्झबरीला खटले चालले. परगण्यातील दीडशेच्या आसपास माणसे सागरापार पाठवली गेली. सामान्य इतिहासात हा आकडा येतो आणि जातो. चेंबर्सबाई आकड्यापाशी थांबत नाहीत. एकेका माणसाचे वय, गाव, बायकामुले, शिक्षा, पुढचे आयुष्य यांचा त्या पिच्छा पुरवतात. लेखनात सौष्ठव नाही, नुसत्या नोंदी आहेत, हे खरे. ओळीने वाचावयास बसले तर थकवा येतो. परंतु हे वॉर्डरपासून हाकेच्या अंतरावर घडले, हे लक्षात घेऊन मी ते वाचले आणि तेराव्या खंडातील उमराव मला थोडे फिके दिसू लागले.

व्हिक्टोरिया मालिकेलाही या मंडळींची दखल घ्यावी लागली. 2005 ते 2010 या काळात लॉटरीच्या निधीतून स्वयंसेवकांना बरोबर घेऊन सुटसुटीत पुस्तके काढण्यात आली. विल्टशरच्या वाट्याचे ‘कॉडफर्ड’ 2007 साली आले. एका दरीतील दोन जोडगावे, मेंढ्यांची लोकर, आणि पहिल्या महायुद्धात तेथे तळ ठोकलेले व तेथेच पुरलेले न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाचे सैनिक. शेजारच्या हॅम्पशरचे खंड 1912 सालीच ‘पूर्ण’ झाले होते. त्यांतील मेपलडरवेल या खेड्याचे 1911 सालचे प्रकरण मुख्यतः जमीनदारी आणि चर्च यांचे. शंभर वर्षांनी, 2012 साली, स्थानिक अभ्यासकांनी त्याच खेड्यावर नवे पुस्तक लिहिले आणि शेती, घरे, गरिबांचा सांभाळ यांना पाने दिली. पूर्ण झालेला इतिहास पुन्हा लिहावयास घ्यावा, हे धाडस मला फार आवडले.

दोष त्यांच्यातही आहेत. आपले गाव मुळात गोड होते, अशी एक समजूत त्यांच्या लेखनात डोकावते. पुष्कळांना स्वतःचे पणजोबा सापडेपर्यंतच इतिहासात रस असतो. आणि विद्यापीठीय संपादकाचा हात फिरला की त्यांचा बोलका सूर मावळतो, लाल ग्रंथांचा कोरडेपणा पुन्हा येतो. ऑब्रेचा कान आणि चेंबर्सबाईंची चिकाटी एकत्र आलेली मला अजून कोठे आढळली नाही.

आपल्या चर्चच्या सुवर्णमहोत्सवी आणि शताब्दी स्मरणिका मी या वाचनानंतर पुन्हा चाळल्या. महागुरूंचा संदेश, प्रमुख धर्मगुरूंची कालानुक्रमे यादी, विश्वस्तांची छायाचित्रे, देणगीदारांची नावे, जाहिराती. आमची जमीनदारीची वंशावळ ती हीच. मी स्वतः अशा दोन स्मरणिकांचा संपादक होतो. वेदीसाठी दगड कोणी वाहिले, दुष्काळात कोणत्या घराने तांदूळ दिला, बावखले कोणी खणले, हे विचारावे असे त्या वेळी मला सुचले नाही, आणि ज्यांना विचारावयाचे त्यांतील बहुतेकांची अंत्यविधीची मिस्सा मीच अर्पण केली.

त्या रद्दीतील एक पान मात्र उरले. तेथील मिर्न्याच्या मुलाने ते धर्मशिक्षणाच्या पुस्तकाला वेष्टन म्हणून घातले होते. गेल्या वर्षी त्याने, म्हणजे आता आजोबा झालेल्या त्या मुलाने, ते पुस्तक मला आणून दाखवले. शाई उडाली आहे, कडेला वाळवीने खाल्ले आहे. विहिरीचा गाळ काढल्याबद्दल चार माणसांची मजुरी, एवढी एकच नोंद पुरती लागते. चौघांपैकी दोघांची नावे वाचता येतात.