ते ३० गुण कशाचे?

कोरेगावहून पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करताय? मग हार्वर्डवरचा प्रवेशाचा खटला बघा. तिथे माजी विद्यार्थी अर्जदारांची मुलाखत घेतात. त्यांनी आशियाई वंशाच्या मुलांना व्यक्तिमत्त्वाचे गुण जवळपास गोऱ्यांइतकेच दिले. प्रवेश कार्यालयाने मात्र, बहुतेकांना न भेटताच, सरासरीने कमी. २०१८ च्या सुनावणीत हे मांडलं गेलं. म्हणजे मुलाखत छान झाली तरी शेवटचा आकडा दुसऱ्याच्याच हातात.

आपल्याकडे जेआरएफ नसलेल्या नेटधारकांसाठी २०२४ पासून नेट ७०, मुलाखत ३०. तीस किरकोळ वाटतात? नेटमध्ये तुम्ही दहा टक्क्यांनी पुढे असाल, तर इथे ती आघाडी सातच गुणांची. मुलाखतीत सात जायला कितीसा वेळ लागतो! मुलाखत हवीच, पण ते ३० गुण कशाकशाला, हे आधी लेखी कळायला हवं. अर्ज भरतानाच विचारा.