बाईचा ‘मी’ आणि पगाराची पाकिटं

नागापूरच्या एमआयडीसीवरून नगर-मनमाड रस्ता पुढे राहुरीला जातो. त्या राहुरीत आणि नगरात लक्ष्मीबाई टिळकांनी संसार केला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालं. नगरशी बाईच्या लेखनाचं नातं त्याहून जुनं: १८५५ मध्ये मुक्ता साळवेचा निबंध छापणारं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये सुरू झालं ते इथेच.

लक्ष्मीबाईंचं मोठेपण सांगताना आपण त्यांना सोशीक पत्नी करून टाकतो. पुस्तक वाचलं तर वेगळंच दिसतं. नवऱ्याच्या, म्हणजे टिळकांच्या, हाती पैसा टिकत नाही, दारी आलेल्याला देऊन ते मोकळे. उद्याच्या जेवणाची चिंता बाईंची. मग भांडण, मग हसणं. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही त्या बराच काळ आपलं सोवळं सांभाळतात. ते सुटतं, पण कुणाच्या भाषणानं नव्हे. जात म्हणजे काय, याचा उलगडा त्या आपल्याच डोक्यानं करतात आणि तशाच वागू लागतात. स्वातंत्र्य हा शब्द पुढे न करता स्वतंत्र झालेली ही बाई! चर्चासत्रांतून तिचा त्याग उरतो, विनोद मात्र गायब होतो.

जवळजवळ त्याच वेळी, १९३३ मध्ये, ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं. मिळवत्या, अविवाहित मुलींची घुसमट लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकरांना ‘विभावरी शिरूरकर’ या नावाआड राहावं लागलं. तरी मुलीच्या पगारावर चालणारं घर मराठी कथेत आलं, ही मला त्या पुस्तकाची मोठी कमाई वाटते.

पुढे गौरी देशपांडे यांनी नवरा, मित्र, मूल या सगळ्यांशी नवे करार मांडले. ते धाडस खरंच; पण त्यांच्या नायिकांना महिनाअखेरची फिकीर सहसा नसते. त्यांच्यामागून आलेल्या पुष्कळ लेखिकांनी धाडसापेक्षा ही निश्चिंतीच जास्त उचलली. घुसमट आहे, आत्मशोध आहे, खिडकीही आहे. घरभाडं कोण भरतं ते कळत नाही.

तो हिशेब दलित स्त्रियांच्या आत्मकथनांनी पुन्हा मांडला. बेबीताई कांबळे फलटणला दुकानात बसून, नवऱ्यापासून लपवून लिहीत होत्या. ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपात आलं. त्यांच्या ‘मी’त सगळी वस्ती बोलते. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) आईचं सूप-टोपल्या विणणं ही नुसती आठवण नाही, त्या विणण्यावर घर चाललेलं आहे.

आता पुन्हा नागापूरच्या एमआयडीसीकडे, तिथे कामाला जाणाऱ्या बाईकडे पाहा. शिफ्ट, ठेकेदार, उशिरा सुटल्यावर रिक्षाची वाट, घरी पोचेपर्यंत थंड झालेली चूल, आणि पगाराचं पाकीट कुणाच्या हातात द्यायचं यावरून रोज होणारी कुरबूर: यावर उभी राहिलेली, बाईनं लिहिलेली एकही दमदार मराठी कादंबरी माझ्या वाचनात नाही. लिहिणाऱ्या असतील, वह्याही असतील. पण आपले संपादक अजून कवितेचं पान भरण्यापुरतीच बाई शोधतात.