तीर्थाची साक्ष : शिलालेख, वही आणि मुद्रा

यात्रा घडली हे कोणी सांगावयाचे? यात्रिकाने, की तीर्थाने? जपानमधील देवालयांत मिळणाऱ्या मुद्रा वहीत गोळा करण्याची आवड अलीकडे प्रवाशांत पुष्कळ फैलावली आहे. तिच्याविषयी बहुधा दोन मते मांडली जातात. कोणी तीत भक्ती पाहतो, कोणी तिला निव्वळ संग्रहाचा छंद ठरवितो. दोन्ही मते यात्रिकाच्या मनाविषयी आहेत. वहीच्या पानाविषयी नाहीत. पान कोणी लिहिले आणि ते कोणापाशी राहिले, हे पाहिल्यास प्रश्नाचे स्वरूप पालटते. ह्या विचारास नाशिकपासून आरंभ करणे उचित होय, कारण यात्रेच्या साक्षीचे दोन जुने प्रकार ह्या एकाच क्षेत्राच्या परिसरात आढळतात.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीपासून जवळच त्रिरश्मी डोंगरात पांडवलेणी आहेत. त्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याचा लेख कोरलेला आहे. गोदाने, विश्रामगृहे, नद्यांवरील विनामूल्य नावा, अशी त्याच्या दानधर्माची गणना तेथे तृतीय पुरुषात येते. परंतु पुढे, मालयांनी कोंडलेल्या उत्तमभद्रांस सोडविल्यावर आपण पुष्करास गेलो, तेथे स्नान केले आणि तीन हजार गायी व एक गाव दान दिले, हे सांगताना लेख प्रथम पुरुषावर येतो. प्रशस्तीत यात्रिकाचा ‘मी’ प्रकटतो तो ह्या ठिकाणी. मात्र स्नान पुष्करास झाले आणि नोंद नाशिकास राहिली. येथे साक्षी स्वतः यात्रिकच आहे. तीर्थ काही बोलत नाही.

दुसरा प्रकार तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा. नाशिक-त्र्यंबकेश्वरी आलेला यात्रेकरू आपले गाव, कूळ, पूर्वजांची व सोबतच्या आप्तांची नावे उपाध्यायाच्या वहीत नोंदवितो व सही करतो. मजकूर यात्रिकाचा असतो, वही मात्र तीर्थावर राहते. नातू कधी आला, तर आजोबाचा लेख त्याच्यापुढे उघडला जातो. अशा नोंदींचे मोल केवळ कौटुंबिक नव्हे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांतील नोंदींचा आधार घेऊन बी. एन. गोस्वामी यांनी पहाडी चित्रकारांच्या घराण्यांची सांगड घातली आणि 1968 मध्ये ‘मार्ग’मधील लेखात घराणे हाच शैलीचा पाया असल्याचे प्रतिपादिले. नैनसुख ह्या चित्रकाराची 1763 मधील नोंद हरिद्वारच्या वहीतच मिळाली आहे.

जपानी पद्धती नेमकी ह्याच्या उलट आहे. ‘गोशुइन’ म्हणजे देवालयाची हिंगुळी मुद्रा व तिच्यावर कुंचल्याने लिहिलेली काळी अक्षरे. तिचे मूळ, यात्रिकाने सूत्राची प्रत लिहून मंदिरास अर्पण केल्यावर मिळणाऱ्या पोचपावतीत सांगितले जाते. शिकोकू बेटावरील 88 मंदिरांच्या यात्रेत तिला अद्याप ‘नोक्यो’, म्हणजे सूत्रार्पण, असेच म्हणतात. घडीघडीने उलगडणारी वही यात्रिकाची असते. पानावर देवतेचे नाव, मंदिराचे नाव व तिथी मंदिरातील लेखक लिहितो. यात्रिकाचे नाव सामान्यतः पानावर नसतेच. मालकाने एक अक्षरही न लिहिलेली अशी ही वही आहे. पांडवलेण्यात तीर्थ मुके होते. येथे यात्रिक मुका आहे.

प्रवासी शिक्क्यांचा भेद ह्याच कसोटीवर स्पष्ट होतो. 1931 मध्ये फुकुई स्थानकात सुरू झालेली स्मृतिशिक्क्यांची प्रथा जपानभर पसरली. स्थानकात शिक्का व शाईची गादी मेजावर ठेवलेली असते आणि प्रवासी स्वतःच ठसा उमटवितो. तो ठसा सुबक असेल, आठवणीसही पुरेल. पण तेथे देणारा व घेणारा हात एकच आहे. म्हणूनच देवालयाच्या वहीत असे ठसे उमटवू नयेत हा संकेत तेथे पाळला जातो. त्यामागे केवळ सोवळेपणा आहे असे मानणे चुकीचे ठरेल. साक्ष परक्या हातची असावी, हा त्याचा आशय आहे. ह्याच दृष्टीने पाहता, आधीच लिहून ठेवलेला कागद देण्याची रीत, किंवा मुद्रांची घरबसल्या होणारी खरेदी-विक्री, ही छंदापेक्षा अधिक चिंतेची बाब होय. 1 मे 2019 रोजी नव्या राजयुगाच्या पहिल्या दिवशी टोकियोच्या मेइजी देवालयात मुद्रेसाठी तासन्‌तास रांगेत उभे राहिलेले लोक संग्राहक असतील. परंतु ते तेथे गेले होते, एवढे तरी ते पान खरे सांगते.

तथापि ह्यावरून जपानी वही श्रेष्ठ ठरत नाही. तिच्यात कूळ नाही, गाव नाही, सोबती नाहीत. इतिहासकारास ती फार थोडे देते. उलट नाशिकच्या वहीचा आधारच कूळ असल्याने तिच्या वाचकास वेगळी सावधगिरी बाळगावी लागते. ज्या नगरात 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला, तेथील तीर्थाच्या वह्यांत सर्व समाज उमटला असेल असे गृहीत धरणे धाडसाचे होय. जपानी मुद्रा घेणाऱ्यास कूळ विचारले जात नाही; त्याने दर्शन घ्यावे, ठरावीक दक्षिणा द्यावी, एवढेच अपेक्षित असते.

दोन्ही वह्यांची अखेरही भिन्न आहे. जपानमध्ये यात्रेची वही मृताच्या शवपेटीत ठेवण्याची चाल आहे. ती धन्याबरोबर जाते. नाशिकची वही धनी गेल्यावर त्याच्या वंशजाची वाट पाहते. पहिलीत तीर्थ यात्रिकाला साक्ष देते, दुसरीत यात्रिक आपल्या वंशाला. तेव्हा एकीस छंद व दुसरीस दस्तऐवज म्हणून बाजूस न सारता, दोन्हींचा लेखनप्रकार म्हणून अभ्यास व्हावयास हवा. आणि त्या अभ्यासात प्रत्येक पानाला पहिला प्रश्न हा विचारावा, की येथे हात कोणाचा आहे.