मनगटातल्या दोन धमन्या आणि एक अपुरी तुलना

अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तीन बोटे ठेवली की नाडी लागते. ही रेडियल धमनी. करंगळीच्या बाजूला तिची जोडीदार, अल्नर धमनी असते. पण ती खोल असल्याने चटकन सापडत नाही. तळहातात या दोन्ही कमानीसारख्या एकमेकींना मिळतात. त्यामुळे एक बंद पडली तरी बहुधा हाताला रक्त मिळत राहते.

१९८९ साली कॅनडातील ल्युसियन कांपो यांनी रेडियलमधून हृदयाच्या धमन्यांची तपासणी केल्याचे प्रसिद्ध केले. १९९२ मध्ये ॲमस्टरडॅमला फर्डिनांड कीमेनाय यांनी याच वाटेने अँजिओप्लास्टी केली. जांघेतून नळी घातली की रुग्णाला कित्येक तास पाय न हलवता पडून राहावे लागे. ते टळले, रक्तस्रावही कमी झाला. मग अल्नर का नको? रेडियल बंद झालेली असेल, किंवा बायपाससाठी राखून ठेवायची असेल, तर हा प्रश्न नुसता पुस्तकी राहत नाही.

ग्रीसमधील पाच केंद्रांनी ९०२ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकाव्या तशी वाटणी करून तुलना केली. निष्कर्ष २०१३ साली आले: अल्नर मागे पडली, इतकी की अभ्यास मध्येच थांबवला गेला. आता मोजले काय ते पाहू. मृत्यू, हृदयविकाराचा झटका, हाताच्या धमनीची मोठी इजा आणि ‘ही वाट सोडून दुसरी धरावी लागणे’ हे सारे एकाच बेरजेत होते. अल्नर गटात सुमारे एक तृतीयांश रुग्णांत वाट बदलावी लागली, रेडियल गटात शंभरात साधारण सहा. बेरजेतला फरक मुख्यतः एवढ्यानेच पडला! डॉक्टरांचा हात रेडियलवर बसलेला होता, अल्नरवर तितका नव्हता. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला एक पेन उजव्या हातात आणि दुसरे डाव्या हातात द्यावे, आणि दुसरे पेन वाईट ठरवावे, त्यातलाच हा प्रकार.

अभ्यास थांबवणे मात्र चूक होते असे आम्ही म्हणणार नाही. रुग्णांना दोनदा टोचले जात होते.

२०१६ साली अजमेरच्या डॉक्टरांनी २५३२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे अल्नरचा हातही तयार होता. तशाच बेरजेत अल्नर १४.६ टक्के, रेडियल १४.४ टक्के, म्हणजे जवळजवळ बरोबरी. पण हे एकाच रुग्णालयातले काम. तिथला सराव इतरत्र आहेच असे धरता येत नाही. शिवाय अल्नरला लागूनच मज्जातंतू जातो, आणि नळी काढल्यावर रेडियल जशी हाडावर दाबून धरता येते तशी ही येत नाही. या अडचणी सरावाने कमी होतील, नाहीशा होणार नाहीत. म्हणून आमच्या मते पहिली पसंती रेडियललाच राहावी. पण अल्नर ‘नापास’ झाली हे ग्रीसच्या आकड्यांवरून म्हणता येणार नाही. तिथे परीक्षा धमनीइतकीच हाताचीही झाली होती.

वर्गात मुलांना दोन्ही नाड्या शोधायला सांगून पाहा. अल्नर किती जणांना सापडते ते फळ्यावर मांडा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.