नाव नसलेले साक्षीदार

पेटर वाइस यांचे 'तपास' हे जर्मन नाटक १९६५ साली रंगभूमीवर आले. आउश्वित्झ छळछावणीतील अधिकारी व कर्मचारी यांच्यावर १९६३ ते १९६५ या काळात फ्रांकफुर्ट येथे चाललेला खटला हा त्याचा विषय. वाइस स्वतः त्या न्यायालयात जाऊन बसले होते. नाटकाची सामग्री त्यांनी मुख्यतः तेथील कामकाजातूनच घेतली आणि ती अकरा सर्गांत बांधली.

नाटकातील अठरा आरोपींना त्यांची खरी नावे आहेत. नऊ साक्षीदारांना मात्र केवळ क्रमांक. त्यांतील बहुतेक छावणीतून वाचलेले. ज्यांची नावे तेथे हिरावली गेली, त्यांना रंगमंचावरही नाव नसावे, ही योजना अर्थपूर्ण आहे. तरीही ती आम्हांला अपुरी वाटते. शेकडोंच्या साक्षी नऊ मुखांत वाटल्या गेल्याने एकही माणूस स्वतंत्रपणे उभा राहत नाही. साक्षीदार विचारले तेवढे सांगतो. त्याला स्वतःला काय हवे, हा प्रश्न नाटकात उद्भवतच नाही.

न्युरेंबर्गच्या खटल्यातही पीडिताचे स्थान पुरावा देणाऱ्याचेच होते. १९९८ च्या रोम कराराने ते पालटले. त्यातील अडुसष्टाव्या कलमानुसार, आरोपीच्या न्याय्य सुनावणीला बाध न येता, पीडितांना आपले म्हणणे न्यायालयापुढे मांडता येते. पंचाहत्तराव्या कलमाने भरपाईची तरतूद केली.

हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या पहिल्या निकालात या अधिकाराची कसोटी लागली. काँगोतील थॉमस लुबांगा यांना बालसैनिकांच्या भरतीबद्दल १४ मार्च २०१२ रोजी दोषी ठरवण्यात आले. तेथेही पीडितांना क्रमांकच होते, पण ते त्यांच्या संरक्षणासाठी. प्रत्यक्ष साक्ष देणाऱ्या तीन पीडितांवर मात्र न्यायाधीशांचा विश्वास बसला नाही. त्यांपैकी दोघांनी दुसऱ्यांची नावे धारण केली असावीत, असा संशय निकालात नोंदला गेला आणि तिघांचाही सहभाग रद्द झाला.

वाइस यांच्या नाटकात बचावपक्ष साक्षीदारांना टोचतो, हिणवतो. पण प्रेक्षकाचा त्यांच्यावरील विश्वास ढळत नाही. नाटक आपल्याकडून करुणा मागते आणि ती मिळवते. न्यायालयात करुणेवर भागत नाही. तेथे पीडिताला अधिकार मिळतो, तसे आपण कोण हे सिद्ध करण्याचे ओझेही त्याच्यावर येते. हे ओझे कठोर आहे, परंतु ते पेलणाऱ्या माणसालाच न्यायालय सहभागी म्हणून ओळखते. 'तपास' आजही वाचावे. मात्र त्यातील क्रमांकांमागे माणसे शोधण्याचे काम वाचकाला स्वतःच करावे लागेल, असे आमचे मत आहे.