धातूची किंमत आणि विज्ञानकथेचा अर्थ

विज्ञानकथेतील भविष्यचित्राचे मूल्यमापन करताना ‘भाकीत खरे ठरले काय?’ हा प्रश्न आपल्या समीक्षेत सहजपणे विचारला जातो. हा निकष किती अपुरा आहे, हे अ‍ॅल्युमिनियमसारख्या सामान्य धातूच्या उल्लेखांवरूनही दाखविता येते.

चेर्निशेव्हस्कीच्या ‘काय करावे?’ (१८६३) या कादंबरीतील व्हेरा पाव्हलोव्नाच्या चौथ्या स्वप्नात भावी समाजाचे जे काच-लोखंडाचे भवन उभे राहते, त्यातील दारे, खिडक्यांच्या चौकटी आणि बहुतेक सामानही अ‍ॅल्युमिनियमचे आहे. त्या काळी या धातूचे दागिने होत असत. धनिकांच्या अंगावरील धातू सर्वांच्या नित्य वापरात आणून लेखकाने संपत्तीच्या वाटपाविषयीच विधान केले आहे.

ज्यूल व्हर्नच्या ‘पृथ्वीवरून चंद्राकडे’ (१८६५) या कादंबरीत बार्बिकेन चंद्रावर सोडावयाच्या गोळ्यासाठी हाच धातू सुचवितो. ओतीव लोखंडाचा गोळा ६७,४४० पौंडांचा झाला असता. अ‍ॅल्युमिनियममुळे वजन १९,२५० पौंडांवर येते. पौंडाला ९ डॉलर हा दरही तेथे हिशेबात धरलेला आहे. यादवी युद्ध संपल्याने रिकाम्या झालेल्या तोफतज्ज्ञांचा हा उद्योग लोकवर्गणीवर चालतो. त्याची भव्यता आणि त्यातील सूक्ष्म उपहास, दोहोंनाही या महागाईचा आधार आहे.

१८८६ मध्ये हॉल आणि एरू यांनी स्वतंत्रपणे विद्युत-विच्छेदनाची पद्धत शोधली आणि पुढील काही वर्षांतच धातूची किंमत कोसळली. त्यानंतरच्या, वेल्सच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ (१८९८) या कादंबरीत मंगळवासीयांचे यंत्र खड्ड्यातील मातीपासून अ‍ॅल्युमिनियमच्या लखलखीत कांबी काढीत राहते. पडक्या घरात दडलेला निवेदक हे पाहतो. त्याच खड्ड्यात माणसांचे रक्तही शोषले जाते. माती आणि माणूस ही दोन्ही जेत्यांच्या लेखी सारखीच कच्ची सामग्री आहे. टास्मानियाच्या मूळ रहिवाशांच्या संहाराचा उल्लेख वेल्सने आरंभीच केलेला असल्याने या दृश्याचा वसाहतवादी संदर्भ निसटत नाही.

विमाने आणि अंतराळयाने पुढे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंची झाली, म्हणून व्हर्नला द्रष्टा ठरविता येईल. परंतु एकाच धातूतून समता, साहस आणि लूट असे तीन भिन्न अर्थ कसे संभवले, याचे उत्तर त्या निवाड्यात नाही. मराठी वाचकाच्या बाबतीत अडचण अधिकच वाढते. आपल्या बोलीत ‘जर्मनचे पातेले’ म्हणून ओळखला जाणारा हा धातू स्वस्त स्वयंपाकघराची खूण आहे. त्याच धातूचे चंद्रयान त्याला फार तर गमतीचे वाटेल.

वाचकाचा अनुभव आणि संहितेचा काळ यांतील हे अंतर उलगडून दाखविणे हे समीक्षेचे काम आहे. विज्ञानकथेतील वस्तू तिच्या काळात कोणाला परवडत होती आणि ती कोणाच्या श्रमातून येत होती, हे प्रश्न टाळले तर शोधांची यादी हाती उरते, साहित्यकृती मात्र निसटते.